न उचललेला भंडारा

करंजवाडी, ता. कराड
५ डिसेंबर १९७४

चि. सौ. विजयमाला हिला सासू मुक्ताबाईचा आशीर्वाद.

विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? आटपाडीची थंडी कोरडी, सरळ हाडाला लागते. एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधावं, वर जुन्या लुगड्याची पट्टी. तुझ्या भावाचा, नानासोंचा खोकला गेला का? विडी कमी करा असं मी सांगितलं तर ते म्हणतील, मुक्ताबाई, तुमच्या घरचं आधी बघा. म्हणून सांगत नाही. तुझ्या भावजयीला, साळूबाईला सातवा लागला असेल. तिला जड उचलू देऊ नका आणि आंबट मागितलं तर नाही म्हणू नका. कमळचा कान वाहायचा थांबला का? कापसाचा बोळा घालून न्हाऊ घालत जा. तुमची ती पांढऱ्या कानाची शेळी व्याली का, तेही कळव. मुकं जनावर झालं तरी ते घरातलंच.

आणि तू कशी आहेस? तुझी चौकशी शेवटी ठेवली, कारण तुला विचारायची मला भीती वाटते.

हे पत्र मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. देवळातल्या प्रौढांच्या वर्गात चार अक्षरं शिकले, त्यावर चाललंय. जोडाक्षर आलं की नवा खोंड जुवाखाली अडावा तसा हात अडतो. चुकलं असेल तिथं समजून घे.

सोपान सुधारला, तू ये, असं लिहायला मी बसलेले नाही, हे आधी सांगते, म्हणजे पत्र फाडणार नाहीस. तसं मी श्रावणात लिहिलं होतं आणि ते खोटं होतं. आईचं मन, रोज उठून म्हणायचं आज नाही प्यायला, आणि संध्याकाळी तोंडघशी पडायचं. तुझ्यावर माझा राग नाही. सहा वर्षांच्या कमळला कराडच्या एस.टी. स्टँडवर बाकड्यावर बसवून तिचा बाप प्यायला गेला आणि तिला तिथंच विसरून घरी आला. कंडक्टरनं आणून सोडली तेव्हा तिनं नवी पाटी छातीशी धरलेली होती आणि ती रडतसुद्धा नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या सकाळी तू घर सोडलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

आता इथलं सांगते. धोंडिराम लोहार तुला ठाऊक आहे. उसाच्या दिवसांत कारखान्याच्या गाडीतळावर बसून बैलांना पत्र्या मारतो. डांबरी रस्त्यानं ऊस ओढून खूर झिजतात, म्हणून माणसाला वहाण तशी बैलाला पत्री. यंदा म्हाताऱ्याच्या कमरेनं दगा दिला. पत्री मारताना बैल आडवा पाडायला, दोर धरायला माणूस हवा, म्हणून तो दिवाळीच्या तोंडावर आपल्या दारात आला. सोपान ओट्यावर पडलेला.

धोंडिराम म्हणाला, "पलटणीत खेचरांच्या नाला ठोकीत हुतास न्हवं? चल, दोर तरी धर."

सोपाननं हात पुढं केला. वाऱ्यावरचं पिंपळपान. "ह्या हातानं?"

"खिळं मी मारतो. तू नुस्ता धर. पर एक हाय गड्या, पिऊन आलास तर मी काय बोलनार न्हाई. बैलच बोलंल."

तसंच झालं. पहिल्या दिवशी हा पिऊन गेला. बैलानं वास घेतला, बिथरला आणि मांडीवर लाथ घातली. घरी आणून खाटेवर टाकला. आठवडाभर हलता येईना म्हणून पिताही येईना. त्या दिवसांत अंगाला कापरं, उलट्या, भिंतीवर नसलेल्या मुंग्या. डॉक्टरांनी येऊन सुया दिल्या. मी आणि धोंडिराम पाळीपाळीनं बसलो. त्याहून जास्त लिहीत नाही. मग एका सकाळी काठी टेकीत तो आपला आपण गाडीतळाकडं गेला. मी पाठवला नाही, हे लक्षात ठेव.

भावकीतल्या लीलाबाई परवा पाणवठ्यावर म्हणाल्या, "पलटणीतनं येऊन पोरगा बैलांचं पाय धराय लागला म्हनं." मी म्हटलं, "दारूचं पाय धरन्यापरीस बरं हाय, बाई." घागर तिरकी करून गेल्या.

सध्या एवढंच. ये म्हणत नाही. कमळच्या कानाचं तेवढं नक्की कळव.

मुक्ताबाई

———

करंजवाडी
१८ जानेवारी १९७५

चि. सौ. विजयमाला हिला आशीर्वाद.

संक्रांत गोड झाली असेल. तिळगूळ पोचला का? तुमच्याच भागातला गुंडा म्हणून गाडीवान आहे, बायको घेऊन ऊस तोडायला इकडं आलाय. त्याचा मेहुणा गावी निघाला होता, त्याच्या हाती पुरचुंडी दिली. त्यानं वाटेत खाल्ला नसेल अशी आशा आहे.

नानासोंचं पत्र आलं. साळूबाईला मुलगा झाला हे वाचून जीव सुखावला. जरा लवकरच आला, पण लवकर आलेली पोरं हट्टी असतात, जगतात. बाळंतिणीला डिंक द्या, अळीव द्या.

पत्रातला पुढचा मजकूर मी दोनदा वाचला. नानासो लिहितात, पौषातल्या यात्रेला ते पालीच्या खंडोबाला येणार आहेत. तिथं सोपाननं देवासमोर, चार जाणत्यांच्या देखत, बेलभंडार उचलावा. हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन जन्मात दारू शिवणार नाही असं बोलावं. मग ते तुला आणि कमळला होळीच्या आत आणून घालतील.

पोरी, मी चुलीपाशी बसून रडले. एवढीच अट? मी तर डोंगर उचला म्हणाल असं समजून बसले होते. त्याच दिवशी परतीच्या टपालानं मी नानासोंना कळवलंय की आम्ही येतो आणि भंडारा उचलला असंच समजा. सोपानला अजून बोलले नाही. गाडीतळावरून येतो तेव्हा थकलेला असतो, जेवतो आणि भिंतीला टेकून तिथंच झोपतो. पण त्याला काय विचारायचं? तो आता खिळेसुद्धा स्वतः मारतो. मार्गशीर्षात दोन दिवस त्याची प्रकृती जरा बरी नव्हती, पण ते गेलं. आता खडखडीत आहे.

तुझ्या खोलीची जमीन सारवून घेतली. कमळची पाटी ठेवायला फळी मारायला सांगितली आहे.

मुक्ताबाई

———

करंजवाडी
२९ जानेवारी १९७५

चि. सौ. विजयमाला हिला आशीर्वाद.

नानासो घरी पोचले असतील आणि काय झालं ते त्यांनी सांगितलं असेल. त्यांनी रागानं सांगितलं असेल आणि त्यात त्यांची चूक नाही. मला माझ्या तोंडानं सांगू दे. मी शेजारीच उभी होते.

दर्शन झालं. सगळीकडं भंडारा उधळलेला, माणसं पिवळीधमक. देवळाच्या अंगाला ओवरीत आम्ही बसलो. नानासो, तुमच्या भावकीतले दोन जाणते, आपल्या बाजूनं सोपान, धोंडिराम आणि मी. नानासोंनी बेलाच्या पानावर भंडारा घेतला आणि हात पुढं केला.

"पाव्हणं, उचला."

सोपान म्हणाला, "न्हाई उचलत."

नानासो म्हणाले, "का? अजून पेता काय?"

"आज न्हाई पेलो. काल न्हाई पेलो."

"मग उद्याचं बोला की. त्याच्यापायी आमी एवढ्या लांब आलो."

"उद्याचं मला ठावं न्हाई, नानासो. ठावं नसलेलं देवाम्होरं कसं बोलू?"

तुमच्याकडचे एक जाणते हसले. म्हणाले, "ह्यो लय शाना हाय. शबूद बी देत न्हाई आनि बायकू बी मागतोय."

सोपान म्हणाला, "मागत न्हाई मी. आईनं मागितली. तिला इचारा."

नानासोंनी पान खाली ठेवलं. "मग भन आमची कशाच्या भरवशावर धाडू? वाऱ्याच्या?"

"नका धाडू," असं म्हणून तो उठला. जाताना नानासोंच्या पाया पडला, तेवढं नानासोंनी तुला सांगितलं की नाही ठाऊक नाही.

एस.टी.त धोंडिराम मध्ये बसला होता, तो आपला खिडकीबाहेर बघत. घरात पाऊल टाकल्यावर मात्र मी त्याला नको नको ते बोलले. म्हटलं, दोन बोटं भंडारा उचलायला काय तुझा हात झडत होता? पोर परत येत होती, सून परत येत होती. तुझ्या बापानं एवढा ताठा कधी केला नाही.

तो ओट्यावर बसला आणि हळू आवाजात बोलला. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"आये, ह्याच्या आधी किती डाव उचलला आठव. गावच्या भैरोबाम्होरं उचलला. तुज्या गळ्याची आन घेतली. कमळच्या डोस्क्यावर हात ठिवून बोललो, त्या टायमाला विजयमाला हुबी हुती. दर येळंला शपथ घेतली की मला वाटायचं, झालं, सुटलो. तुमी समदी खूश, म्या बी खूश. त्या खुशीतच चार दिस जायचं. आनि मोडली की वाटायचं, देवाचा चोर तर झालोच, आता लपायचं कशापायी? मग म्हैना म्हैना उठायचो न्हाई मी. कमळला स्टँडवर ठिवून गेलो ती येळ कंची हुती? तिच्या डोस्क्यावरची शपथ आदल्या हप्त्यात मोडली हुती. तिच्याकडं बघवत नव्हतं मला."

पोरी, ती शपथ त्याला मीच घ्यायला लावली होती. तू नको म्हणाली होतीस.

आता जे मी मागच्या पत्रात झाकलं ते सांगते. नानासोंनी ते कुठून तरी ऐकलंय असं मला पालीला वाटलं, कारण त्यांनी दोनदा विचारलं, मार्गशीर्षात काय झालं होतं? प्रकृती बरी नव्हती हे खोटं. सोपान प्यायला होता.

झालं असं. गुंडाच्या बैलाला पत्री मारताना त्याचा एक खिळा तिरका गेला आणि जिवाला लागला. खुराच्या कडेच्या मेल्या भागातून खिळा जायला हवा, तो आत जिवंत मांसात शिरला. तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बैल भरल्या गाडीखाली लंगडायला लागला. गाडीवानाचा बैल लंगडा म्हणजे त्याचं सगळं घर लंगडं. सोपाननं ते लांबून पाहिलं आणि तो तिथून सरळ गुत्त्यावर गेला. कारखान्याच्या रस्त्याकडेला पडलेला लोकांनी बघितला. बघणाऱ्यांत आटपाडीकडचे असणारच.

मी मनात म्हटलं, संपलं. आता हा होळीपर्यंत उठत नाही.

पण दुसऱ्या सकाळी तो उठला. तोंड धुतलं आणि गुंडाच्या खोपीवर गेला. मी मागोमाग गेले, मला वाटलं हा परत तिकडंच वळतोय. गुंडा चुलीपुढं बसला होता. म्हणाला, "वास येतोय तुजा अजून."

"येणारच. काल पेलो. तुज्या बैलाला खिळा मी लावलाय. मला कळलं आनि तुला सांगायची लाज वाटली, म्हून पेलो."

गुंडाची बायको म्हणाली, "लाज वाटली म्हून पेतात व्हय? आमच्यात लाज वाटली की काम करत्यात."

सोपान म्हणाला, "तेच कराय आलोय." त्यानं खिळा उपटला, पू काढला, खूर धुऊन तेलहळद भरली, वर गोणपाटाची चिंधी बांधली. आणि आपला तांबडा बैल आणून गुंडाच्या गाडीला दिला, त्याचा बैल पाय टेकवायला लागेपर्यंत. तेव्हापासून तो प्यायलेला नाही. मी रोज बघते.

हे सगळं मी आधी का नाही जोडून बघितलं? शपथ मोडायची तेव्हा हा महिना महिना पडून राहायचा. या खेपेला एका दिवसात उठला. कारण या खेपेला मोडण्यासारखं काही नव्हतंच. पडला, तर नुसता पडला. उठायची वाट तशीच मोकळी राहिली.

मला हे पटलंय असं म्हणू नकोस. मला अजून वाटतं त्यानं भंडारा उचलायला हवा होता. पण तो खोटं बोलला नाही. या घरात तेवढं तरी नवीन आहे.

नानासोंना माझा नमस्कार सांग. मी त्याला न विचारता त्यांना शब्द दिला, ते एवढे लांब आले. त्यांची माफी मागते.

मुक्ताबाई

———

करंजवाडी
२९ मार्च १९७५

चि. सौ. विजयमाला हिला आशीर्वाद.

तुझं कार्ड येऊन महिना झाला. तुझ्या हातची एकच ओळ: "शपथ नाही तर मी कशावर विश्वास ठेवू?" उत्तर सापडेना म्हणून मी लिहिलं नाही. शेवटी सोपानलाच विचारलं. तो म्हणाला, "तिनं इस्वास ठिवावा असं माजं म्हननं न्हाई. तिनं बघावं. न्हाई बघितलं तरी मी पत्र्या मारनारच हाय."

मला आधी राग आला. बायको यावी म्हणून दारू सोडावी, असंच आम्ही जन्मभर ऐकलं. मग भाकरी थापताना वाटलं, बायको यावी म्हणून सोडली असती तर ती आल्यावर परत धरली असती. वसूल झालं म्हणून.

त्याला बघून विश्वास कसा ठेवायचा ते मलाही येत नव्हतं. तुला सांगते, कुणाला सांगू नकोस. रोज संध्याकाळी तो आला की मी काही ना काही निमित्त काढून जवळ जायची. सदऱ्याला कुसळ लागलंय, पागोट्याचा शेव सुटलाय. आणि वास घ्यायची. एक दिवस तो म्हणाला, "आये, वास घ्यायचा तर सरळ घे. पदराआडनं नको." आणि तोंड पुढं करून लहान पोरासारखा उभा राहिला. मला हसू आलं आणि रडूही. तेव्हापासून घेत नाही. फार अवघड गेलं. हात आपोआप पागोट्याकडं जायचा.

परवा धुळवड झाली. त्या दिवशी आपल्या गावात बोकड आणि बाटली यावाचून काही नसतं. त्याचा पलटणीतला दोस्त लालासाहेब सकाळीच कँटीनची रम घेऊन दारात. तू त्याला ओळखतेस, तुझ्या लग्नातही पिऊन नाचला होता.

सोपान म्हणाला, "लाला, दोन बैल पाडायचं ऱ्हायल्यात. दोर धरतोस काय?"

"सणाच्या दिशी?"

"गाडीवानास्नी सन न्हाई. उद्या गाड्या लागत्यात."

लालासाहेब बाटली ओट्यावर ठेवून त्याच्याबरोबर गेला. प्यायलेला होताच, बैलानं फुरफुर केली तशी धोंडिरामानं त्याला लांब बसवला. दिवसभर तो लांब बसून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी न पिता आला. आज आला नाही. सोपानला म्हटलं, गेला बघ तुझा गडी. तो म्हणाला, "येईल. न्हाई आला तर मी जाऊन एकदा हाळी देतो. धोंडिरामतात्या माज्या दारात आलाच हुता की." बाटली मी गटारात ओतली. कँटीनची होती म्हणून आदर दाखवला नाही.

माझा मुलगा सैन्यात गेला तेव्हा गावानं हार घातले होते. त्या दिवसापेक्षा मला परवा जास्त बरं वाटलं. आपल्या पायावर उभा असलेला माणूस दुसऱ्याला धरायला हात काढतो, त्यासारखं बघण्याजोगं दुसरं काही नाही.

आता मुख्य गोष्ट. कारखाना पाडव्याच्या आसपास बंद होईल. तुमच्याकडच्या गाड्या परत निघतील. रिकाम्या गाड्या असल्या तरी रस्ता लांबचा, वाटेत पत्र्या निसटतात. गुंडानं आणि बाकीच्यांनी सोपानला म्हटलंय, आमच्याबरोबर चालत चल, वाटेत बैल संभाळ, आणि आमच्या बाजाराच्या दिवशी दोन पैसे मिळव. ज्याच्या बैलाला खिळा लागला तोच गुंडा हे म्हणतोय. तो म्हणाला, "दुसऱ्यानं खिळा लावला असता तर सांगितलं नसतं. ह्यो सांगतो. मला सांगनारा पायजे."

म्हणजे सोपान आटपाडीला येतोय. तुला न्यायला नाही. तुमच्या दारातही येणार नाही, मी त्याला तसं विचारलं. बाजारात बसेल. हे तुला कळव असं त्यानं सांगितलेलं नाही, कळवू नको असंही नाही.

तुला वाटलं तर जा. लांबून बघ, न बोलता परत फीर. वाटलं नाही तर जाऊ नकोस. कमळला न्यायचं की नाही तेही तूच ठरव. आजवर या घरानं त्याला शपथा घातल्या आणि तुला अटी. तुझ्यावर माझी कसलीच अट नाही.

मुक्ताबाई

———

करंजवाडी
२४ एप्रिल १९७५

चि. सौ. विजयमाला हिला खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. चार पानी. तू एवढं लिहितेस हे मला ठाऊक नव्हतं. घरात असताना तू दोन शब्दांच्या वर बोलत नव्हतीस. आता कळतंय, बोलायला जागाच नव्हती.

तू पहिल्या बाजाराला एकटी गेलीस आणि भांड्यांच्या पालाआड उभी राहून बघून आलीस, ते बरं केलंस. दुसऱ्या बाजाराला कमळला नेलंस. पुढचं मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. बैल पाडलेला, सोपान खूर तासत बसलेला, कमळ जाऊन त्याच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमी मला स्टँडवर इसरला हुता."

मी असते तर पोरीच्या तोंडावर हात ठेवला असता. तू ठेवला नाहीस.

तो म्हणाला, "व्हय. इसरलो हुतो."

"का?"

"दारू पेलो हुतो."

"मग आता?"

"आता हितं बस. मला दिसशील अशी."

तू लिहितेस, ती दुपार कलेपर्यंत तिथं पेंडीच्या पोत्यावर बसली आणि तो दर खिळ्यामागं मान वर करून बघत होता. गाडीवान म्हणाले, लवकर आटपा, पाव्हणं. तर म्हणाला, थांबा. तू शेवटी जवळ गेलीस तेव्हा तुला म्हणाला, "ऊन झालंय, तिला घेऊन जा." एवढंच. माझा लेक बोलण्यात कवडीचाही नाही, पण त्या दिवशी त्याला बोलायचं राहिलं असं मला वाटत नाही.

तू विचारतेस, सोपानला पावसाळ्यापर्यंत तिकडं आटपाडीलाच राहू दिलं तर चालेल का. रस्त्याच्या कामावर खडीच्या गाड्या लागल्यात, त्या बैलांना पत्र्या मारणारं कुणी नाही. राहील गुंडाच्या गोठ्यात, तुमच्या घरी नाही. कमळ बाजाराच्या दिवशी डबा देईल. पुढं काय, तू करंजवाडीला येणार की नाही, ते आत्ता सांगणार नाहीस. कसलाही शब्द देणार नाहीस.

नको देऊस. तुझं खरं आहे. तूही उद्याचं कुठून सांगणार?

भावकी बोलेल. लीलाबाईंनी सुरुवातही केली, "जावई सासरवाडीला जाऊन ऱ्हायला, घरजावई झाला." मी म्हटलं, "घरजावई न्हाई, गोठजावई. गुंडाच्या गोठ्यात हाय." त्यांना हसू आवरेना, मग मलाही. घर रिकामं वाटतं हे खरं आहे. सकाळी दोन भाकरी जादा थापते आणि मग शेजारी देऊन येते. पण तू त्याला इकडं पाठवायची घाई करू नकोस. मला तो जवळ हवा होता तेव्हा मी त्याला शपथांनी बांधला, आणि बांधलेलं सगळं त्यानं तोडलं. आता मोकळा आहे तर कुठं बसतो ते त्याला बघू दे.

एक सांगते, न विचारता. त्याचा वास घेऊ नकोस. कधी तो पडलाच, कारण पडणारच नाही असं तोही म्हणत नाही, तर ओरडू नकोस, पोटाशीही धरू नकोस. कमळला घेऊन घरी जा आणि दार लावून घे. दुसऱ्या सकाळी तो कुणीकडं जातो तेवढं बघ. कामाकडं गेला तर दार उघड. नाही गेला तर उघडू नकोस, मी तुझ्या बाजूनं आहे.

धोंडिरामाची धरलेली कमर आता सुटली आहे. लालासाहेब त्याचे दोर धरतो, आठवड्यातले चार दिवस धरतो आणि तीन दिवस तोंड लपवतो. धोंडिराम म्हणतो, चार तर चार.

साळूबाईचं बाळ मान धरायला लागलं का? विहीणबाईंना माझा नमस्कार. नानासोंनी सोपानला एकदा चहा दिला असं तू लिहिलंस, त्यांना सांग, मुक्ताबाईला तो चहा इथं पोचला.

तुझं पत्र गल्लीतल्या टपालवाल्यानं हातात दिलं तेव्हा मी दारातच बसून वाचलं, चुलीवर आमटी उतू गेली. परत उतू जाऊ दे. लवकर लिही, आणि जे घडेल तेच लिही.

मुक्ताबाई